पिशवीतले कागद बाहेर काढा

परवा गटारी झाली. सकाळी रानाकडं निघालो तर ओढ्याच्या पुलाखाली रिकाम्या क्वार्टरचा खच पडलेला, आणि भंगारवाल्याचं पोरगं एकेक बाटली पोत्यात भरत होतं. आता श्रावण लागला. आमच्या आळीतले निम्मे गडी महिनाभर बाटलीला शिवणार नाहीत. काही जण गणपती उठेपर्यंत कड काढतील. मग नवरात्र, दसरा, आणि दसरा झाला की मुकादमाचे ट्रक-ट्रॅक्टर दारात उभे. ऊसतोडीच्या टोळ्या एकदा सांगली-कोल्हापूरकडं, कर्नाटकात गेल्या की पार पाडव्यापर्यंत गाव म्हाताऱ्यांच्या ताब्यात. म्हणून जे सांगायचं ते आत्ताच सांगतो. हाताशी दोन-अडीच महिने आहेत.

आष्टी-पाटोद्यापासून परळी-अंबाजोगाईपर्यंत, ज्यांच्या घरात दारूनं कुणाचं यकृत गेलं, स्वादुपिंडाला सूज आली, पोटात पाणी भरलं, रक्ताची उलटी झाली, त्या सगळ्यांना माझी विनंती आहे. दवाखान्याच्या कागदांची ती पिशवी बाहेर काढा. माणूस हयात असो की गेलेला असो. पिशवी फडताळात असेल, पत्र्याच्या पेटीत असेल, खुंटीला टांगलेली असेल. काढा आणि कागद तारखेप्रमाणे लावा. त्या कागदांची गरज आहे. कुणाला आणि कशासाठी, ते पुढं सांगतो.

मी ३१ वर्षं याच बीड जिल्ह्यात आरोग्य सेवक होतो. पंधरवड्याला घरोघर जायचं, ताप विचारायचा, डाव्या हाताच्या अनामिकेला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, आणि दाराशेजारच्या भिंतीवर आखलेल्या चौकटीत तारीख टाकून सही करायची. जुन्या माणसांना त्या चौकटी आठवत असतील. तापाची वही, जुलाबाची वही, क्षयाच्या थुंकीची वही, कुष्ठरोगाची वही, लसीकरणाची, पाण्याच्या नमुन्यांची. एवढ्या वह्या भरल्या की उजव्या हाताच्या मधल्या बोटाला पेनाचा घट्टा पडला, तो अजून गेला नाही. पण यकृताचा रकाना त्यातल्या एकाही वहीत नव्हता.

माझा चुलतभाऊ ३८ व्या वर्षी गेला. होळीच्या आधी चार दिवस कारखान्यावरून जीपमध्ये घालून आणला. मी उपकेंद्रातून थेट त्याच्या घरी गेलो. बाजेवर उताणा पडला होता. पोट घागरीएवढं, बेंबी बाहेर आलेली, हातपाय मात्र तुराटीसारखे. डोळे हळदीचे. भावजय म्हणाली, "दादा, कोपीवर असतानाच पाय सुजत हुते. मुकादम म्हनला, थंडीनं हुतंय." आधी तीन रविवार काविळीवाल्याकडं नेला. त्यानं गळ्यात माळ घातली, चुन्याच्या निवळीनं हात धुतले, पाणी पिवळं झालेलं सगळ्यांनी पाहिलं आणि कावीळ उतरली म्हणून घरी आणला. चौथ्या रविवारी रक्ताची उलटी झाली. मग मोठ्या शहरातला मोठा दवाखाना, पोटातलं पाणी काढणं, अडीच एकरांतला एक एकर गहाण. तेराव्या दिवशी तो बरळायला लागला. दिवसा झोपायचा, रात्री उठून कोयता कुठाय म्हणून विचारायचा. घरच्यांना वाटलं बाहेरचं काही लागलं. यकृतानं जे विष गाळायचं ते रक्तात तसंच राहतं आणि मेंदूवर चढतं, हे मला माहीत होतं, पण त्या रात्री कुणाला समजावून सांगणार?

ग्रामपंचायतीच्या मृत्यूनोंदीत काय लिहिलं गेलं? हृदयक्रिया बंद पडून.

अहो, हृदयक्रिया तर प्रत्येकाचीच बंद पडते. विहिरीत पडलेल्याची, साप चावलेल्याची, नव्वदीच्या म्हातारीची. असं एक वाक्य लिहिलं की माणूस कशानं गेला हे कागदावरून पुसलं जातं. देशात २०२० साली जेवढे मृत्यू नोंदले गेले त्यांतल्या जेमतेम २२.५ टक्क्यांना डॉक्टरनं प्रमाणित केलेलं कारण होतं. बाकीच्यांचं कारण शेजारी, तलाठी, ग्रामसेवक, ज्याला जे सुचलं ते.

आणि मी कुणाला नावं ठेवू? त्याच भावाच्या भिंतीवर माझी सही दर पंधरवड्याला होती. त्याच्या बोटातून मी किती वेळा रक्त घेतलं असेल. त्या थेंबात मी मलेरिया शोधत होतो. "किती पितोस रे?" हा प्रश्न मी त्याला एकदाही विचारला नाही. वहीत नव्हता म्हणून.

दुसरा प्रसंग गेल्या उन्हाळ्यातला. बसस्टँडच्या बाकावर पंचविशीतलं एक पोरगं गुडघे छातीशी घेऊन, कपाळ गुडघ्यावर टेकवून बसलं होतं. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. लोक म्हणत होते, दिवसाढवळ्या चढलीय. मी जवळ गेलो, वास नव्हता. विचारलं तर म्हणालं, बेंबीच्या वर कळ उठते आणि पाठीतून आरपार जाते, पुढं वाकलं की जरा बरं वाटतं. कालपासून पाणी ठरत नाही. त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेला. रक्तातलं लायपेज अफाट वाढलेलं. स्वादुपिंडाला सूज, डॉक्टर ज्याला पॅन्क्रिअ‍ॅटायटिस म्हणतात ती. घरचे त्याला वर्षभर ॲसिडिटी समजून सोडा आणि ओवा देत होते. वाचला पोरगा. आता त्याला साखर झाली आहे, कारण इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी त्याच पिंडात असतात आणि त्याही जळाल्या. शौचाला तेलकट होतं, पाण्यावर तरंगतं. खाल्लेलं स्निग्ध पचवायला पाचकरसच उरला नाही.

त्यानं मला एक प्रश्न विचारला. "काका, आमचा चुलता माझ्या दुप्पट पितो. बिडीबी वढतो. पन्नाशी उलटली, त्याला काही होईना. मग मलाच का?"

या प्रश्नाचं पूर्ण उत्तर आज जगात कुणाकडंच नाही. वर्षानुवर्षं भरपूर पिणाऱ्या जवळजवळ सगळ्यांच्या यकृतात चरबी साठते. पण त्यातल्या थोड्यांनाच, साधारण दहातल्या एका-दोघांना सिरोसिस होतो, म्हणजे यकृत आक्रसून दगडासारखं होतं. स्वादुपिंडाची सूज तर त्याहून कमी जणांना, शंभरात पाचांनासुद्धा नाही. कुणाचं यकृत जातं आणि स्वादुपिंड शाबूत राहतं, कुणाचं उलटं. बिडी-सिगारेटही स्वादुपिंडाची वैरी आहे आणि ती दारूला मिळाली की धोका आणखी वाढतो, एवढं पक्कं झालं आहे. हेपॅटायटिस बी किंवा सी अंगात असेल तर दारू यकृत लवकर खाते, हेही. २००८ साली यकृतातल्या चरबीशी पीएनपीएलए३ नावाच्या जनुकाचा संबंध लागला आणि दोन वर्षांनी दारूच्या यकृतरोगाशीही लागला. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये दाखवलं की दारूला न शिवता स्वादुपिंडात खडे होणाऱ्या आपल्याकडच्या रुग्णांमध्ये स्पिंक१ या जनुकातला बिघाड पुष्कळदा सापडतो. म्हणजे बंदूक कधी जन्मापासून भरलेली असते, दारू चाप ओढते. पण कुणाची भरलेली आहे हे आधी ओळखायचं कसं?

औषधाचं तर विचारूच नका. दारूनं यकृताला अचानक जोराची सूज येते, कावीळ चढते, त्यावर गेली पन्नास वर्षं डॉक्टर स्टिरॉइड देत आले आहेत. ब्रिटनमध्ये ११०३ रुग्णांवर त्याची नीट परीक्षा झाली, निकाल २०१५ मध्ये छापून आला. पहिल्या महिन्यात किंचित फायदा दिसला, तोही ठाम म्हणावा असा नाही; तीन महिन्यांनी, वर्षानं काहीच फरक नाही. शेजारच्या मेडिकलात मिळणारी लिव्हर टॉनिकची बाटली सिरोसिस परतवते, असं कुणी सांगितलं तर त्याला एवढंच विचारा, कोणत्या परीक्षेत? आजही यकृताला खात्रीनं उपयोगी पडणारी गोष्ट एकच, दारू थांबवणं. चरबीचा टप्पा असेल तर काही आठवड्यांत यकृत पूर्ववत होऊ शकतं. सिरोसिस झालेला असला तरी थांबणारा माणूस न थांबणाऱ्यापेक्षा जास्त जगतो.

मग संशोधन कशाला हवं, दारू सोडा म्हणजे झालं, असं कुणी म्हणेल. मीही म्हणत होतो. पण कोण सोडतो, कोण सोडू शकत नाही, कुणाचं यकृत सोडल्यावरही ढासळत राहतं, कोणाला आधीच धरून सांगायला हवं, हे कळल्याशिवाय 'सोडा' हा शब्द वाऱ्यावर जातो. आणि जे काय संशोधन झालं आहे ते बहुतेक दुसऱ्यांच्या अंगावर. ब्रिटनमध्ये २००६ ते २०१० या काळात पाच लाख माणसांनी आपलं रक्त, आपल्या सवयी, आपल्या आजारांचे कागद अभ्यासाला दिले; आज जगभरचे शास्त्रज्ञ त्यातून उत्तरं काढतात. त्या पाच लाखांत पहाटे चारला उसाच्या फडात उतरणारा, उपाशीपोटी मोळ्या वाहणारा, सहा महिने कोपीत राहणारा माणूस नाही. ज्वारीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा यावर दिवस काढून रात्री अंगदुखीसाठी क्वार्टर मारणारा तर नाहीच. त्याचं यकृत वेगळं वागतं का? अर्धपोटी शरीरात दारू जास्त नुकसान करते का? भर उन्हातल्या कष्टाचा, कमी पाणी पिण्याचा काही हात आहे का? हे प्रश्न बीडच्या माणसालाच विचारावे लागतील.

एक हिशेब सांगतो, जाता जाता. एक टन ऊस गाळला की ४०-४५ किलो मळी निघते आणि त्या मळीतून दहा-अकरा लिटर अल्कोहोल होतं. आता त्यातलं बरंचसं पेट्रोलमध्ये जातं, पण देशीची बाटलीही त्याच मळीतून येते. जो ऊस आम्ही तोडतो तो असा फिरून आमच्याच कोपीत येतो. क्वार्टर म्हणजे १८० मिली. बाटलीवर ४२.८ टक्के छापलेलं असेल तर तिच्यात ६० ग्रॅमच्या आसपास शुद्ध अल्कोहोल असतं. डॉक्टर लोक दहा ग्रॅमचा एक पेग धरतात. म्हणजे 'एकच क्वार्टर घेतो' म्हणणारा सहा पेग घेतो. दवाखान्यात विचारलं तर हा हिशेब सांगा.

आमच्या भागातले लोक अभ्यासाला पुढं येत नाहीत, असं जे कुणी म्हणतं ते खोटं आहे. शेजारच्या बार्शीला १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा, भूम. माणसं गावोगाव फिरली, कुणाला गाठ आहे, कुणाला अंगावरून जातं हे विचारत. त्यातून गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग इथल्या बायकांना किती होतो ते कागदावर आलं. मग तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात टाटा हॉस्पिटल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाच्या लोकांनी १९९९ पासून मोठी पाहणी केली. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ बायका त्यात आल्या. शेतात राबणाऱ्या, अंगठा उठवणाऱ्या. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनं या कर्करोगाचे मृत्यू निम्म्यावर येतात, हे त्यांच्यामुळं सिद्ध झालं. २००९ मध्ये ते छापून आलं आणि जगभरच्या तपासणीचे नियम ठरवताना ते पुढं ठेवलं गेलं. परांड्याच्या बायकांनी जगाला शिकवलं, असं मी म्हणतो, आणि त्यात मला अतिशयोक्ती वाटत नाही.

पण त्या पाहणीची दुसरी बाजूही लपवायची नाही. एका गटातल्या बायकांची तपासणी केलीच नव्हती, तुलनेसाठी. त्यांचं काय, असा प्रश्न पुढं जाणत्या लोकांनी विचारला, आणि तो रास्त होता. तो प्रश्न आपणही विचारायचा. अभ्यासाला हो म्हणायचं म्हणजे डोळे मिटून नाही.

आपल्या जिल्ह्याचीच गोष्ट घ्या. ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्या जातात, हे गावात कोणाला माहीत नव्हतं? सगळ्यांना होतं. पारावर बोललं जायचं. पण २०१९ मध्ये शासनानं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, घरोघर पाहणी झाली, आणि ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आहेत हा आकडा पुढं आला, तेव्हाच हालचाल झाली. खासगी दवाखान्यांतल्या या शस्त्रक्रियांवर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीचं बंधन, हंगामाच्या आधी आणि नंतर तपासणी, हे त्याच सुमाराचं. सगळं सुटलं असं मी म्हणत नाही. पण मोजलं नसतं तर तेवढंही झालं नसतं. बायकांच्या पिशव्या मोजल्या. आता पुरुषांची यकृतं मोजा, एवढंच माझं म्हणणं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातले १३.९ टक्के पुरुष दारू पितात असं निघालं. त्यात पितो की नाही हे विचारतात. पोट फुगलं का, हे विचारत नाहीत.

आता काय करायचं ते.

१५ ऑगस्टची ग्रामसभा आली आहे. तिथं उभं राहून ठराव मांडा की आपल्या गावात गेल्या पाच वर्षांत साठीच्या आत गेलेल्यांच्या घरी आशाताई आणि आरोग्य सेवक जातील आणि मरणाआधी काय काय झालं ते विचारून लिहितील. कावीळ होती का, पाय सुजले का, काळी शौच झाली का, पोटातलं पाणी काढलं का, किती वर्षं पीत होता. याला डॉक्टर लोक तोंडी शवविच्छेदन म्हणतात. नाव अभद्र आहे, काम साधं आहे. ठरावाची एक प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना, एक अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला. आशियातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय म्हणून त्याचं नाव आपण अभिमानानं घेतो. तिथल्या डॉक्टरांना माझी हात जोडून विनंती आहे: यकृत आणि स्वादुपिंडाच्या रुग्णांची एक वेगळी वही घाला. वॉर्डात आलेला प्रत्येक माणूस, त्याचं गाव, वय, दारूचं माप, बिडी-तंबाखू, हेपॅटायटिसची तपासणी, पुढं काय झालं. वर्षभराची एक वही. पुण्या-मुंबईचे, दिल्लीचे, हैदराबादचे संशोधक अशा वहीच्या मागं आपणहून येतात.

घरात कुणी गेलं, तर दवाखान्यातून मृत्यूच्या कारणाचा दाखला मागून घ्या. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर सरकारी असो की खासगी, दवाखान्यानं तो आजाराच्या इतिहासासह, फुकट द्यायचा आहे आणि जवळच्या नातेवाइकाला त्याची प्रत द्यायची आहे. माणूस घरी गेला असेल तर शेवटच्या आजारात ज्या डॉक्टरनं पाहिलं त्यानं तो द्यायचा. 'हृदयक्रिया बंद' एवढंच लिहिलेलं घेऊ नका. कशामुळं बंद पडली, ते लिहा म्हणा.

जे पितात आणि धडधाकट आहेत त्यांनाही सांगणं आहे. दसऱ्याआधी एकदा रक्त तपासून घ्या. एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट. या तीन आकड्यांत आपलं वय मिळवलं की यकृत किती कडक होत चाललंय याचा अंदाज डॉक्टरला तिथल्या तिथं बांधता येतो. यकृत मोठं सोशिक आहे, बरंचसं जाईपर्यंत तोंडातून शब्द काढत नाही. हेपॅटायटिस बी आणि सीची तपासणी आणि औषधं २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात मोफत आहेत, तीही करून घ्या.

लपवू नका. मला माहीत आहे का लपवता ते. मुकादमाला कळलं तर उचल मिळणार नाही. पोरीची सोयरीक मोडेल. आणि आपल्याकडं प्यायला परवाना लागतो, दारूबंदीचा १९४९ चा कायदा अजून पुस्तकात आहे, म्हणून पोलिसाचीही भीती. पण अभ्यास करणाऱ्यानं तुमचं नाव मुकादमाला, पोलिसाला, सोयऱ्याला सांगायचं नसतं. ही त्याची मेहेरबानी नाही, त्याच्यावरचं बंधन आहे. संमतीपत्र मराठीत हवं. वाचता येत नसेल तर त्यानं सगळं वाचून दाखवायचं, आणि अभ्यास करणाऱ्याशी संबंध नसलेला साक्षीदार समोर हवा, मग अंगठा. संस्थेच्या नैतिक समितीची मंजुरी आहे का, हे विचारायचं. मधेच नको वाटलं तर सोडून देता येतं आणि त्यापायी तुमचे उपचार कुणी थांबवू शकत नाही. तपासणीचे पैसे तुमच्याकडून मागितले तर ते संशोधन नाही, धंदा आहे. नव्या औषधाची चाचणी असेल तर ती देशाच्या नोंदणीत, सीटीआरआयमध्ये, नोंदलेली हवी आणि अपाय झाला तर भरपाई कोण देणार हे आधी लिहून हवं. विचारलं म्हणून रागावणारा डॉक्टर असेल तर उठून या.

ज्यांनी सोडली आहे त्यांना तर मी सगळ्यांत आधी शोधतोय. आमच्याकडं माळकरी झालेला गडी एका दिवसात बाटली टाकतो, तुळशीची माळ गळ्यात पडली की वीस वर्षांची सवय संपते. सगळ्यांची संपत नाही, पण पुष्कळांची संपते. त्यांच्या यकृताचं पुढं काय झालं? भरून आलं का? हे कुणी पाहिलं आहे? तसाच हा श्रावण. लंडनमध्ये डॉक्टरांनी महिनाभर दारू सोडलेल्या ९४ जणांना तपासलं, २०१८ मध्ये ते प्रसिद्ध झालं. वजन, रक्तदाब, इन्सुलिनचं काम, सगळं महिन्यात सुधारलेलं. तिकडं त्यासाठी जानेवारीत मोहीम काढावी लागते. आपल्याकडं आज्जीच्या धाकानं आपोआप महिना पाळला जातो. श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात आणि शेवटच्या आठवड्यात त्याच माणसांचं रक्त तपासलं तर केवढी गोष्ट कळेल. यंदा निदान एका गावात हे व्हावं. आमच्या आळीतले चौदा जण तयार आहेत, मी विचारून ठेवलं आहे.

पण इथं एक इशारा, आणि तो जिवाचा आहे. जो सकाळी उठल्याबरोबर पितो, ज्याचे हात प्यायल्याशिवाय थरथरतात, त्यानं श्रावण म्हणून घरी एकदम सोडू नये. पहिल्या दोन-तीन दिवसांत झटके येतात, भिंतीवर मुंग्या-साप दिसतात, माणूस दगावू शकतो. अशाला दवाखान्यात नेऊन सोडवायची. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा फुकटचा फोन आहे. रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच किंवा बरळणं सुरू झालं तर काविळीवाल्याकडं नाही, १०८ ला.

बायांनो, तुम्हाला वेगळं सांगत नाही, कारण पिशवी तुमच्याचकडं आहे. नवरा कधी पहिल्यांदा जेवणावरून उठला, कधी पायावर बोट दाबलं तर खळगा राहायला लागला, कोणत्या हंगामात मोळी उचलवेना झाली, हे डॉक्टरच्या कागदात नाही, तुमच्या डोक्यात आहे. शाळेतल्या पोरीला समोर बसवा, वहीची दोन पानं घ्या, सांगत जा, ती लिहील. तारखा आठवत नसतील तर सण सांगा. पोळ्याला असं झालं, संक्रांतीला तसं.

आणि कागद काढल्यावर पहिलं काम झेरॉक्सचं. सोनोग्राफीचे ते गुळगुळीत काळेपांढरे कागद आणि मशीनमधून निघणाऱ्या चिठ्ठ्या, यांवरची अक्षरं उन्हानं, उष्णतेनं उडतात. पत्र्याच्या पेटीत तर लवकर. फिल्म वाकवू नका, आधारकार्डाबरोबर प्लॅस्टिकमध्ये दाबू नका. गेल्या महिन्यात भावजयीनं माझ्यासमोर पिशवी उलटी केली. मुकादमाच्या उचलीची चिठ्ठी निघाली, अंगाऱ्याची पुडी निघाली, माझ्याच हातची मलेरियाची एक जुनी पावती निघाली. यकृताच्या चार कागदांवर दवाखान्याचं नाव तेवढं राहिलं होतं. खालचे आकडे गेले होते.